सीटबेल्ट व बालआसनांतील दोष आणि जबाबदारीचा प्रश्न : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटारीतील सीटबेल्टची उपयुक्तता आज वादाचा विषय राहिलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या (यापुढे ‘सुरक्षा प्रशासन’) अंदाजानुसार कंबर आणि खांदा या दोहोंना आधार देणारा पट्टा वापरल्यास मोटारीतील पुढच्या आसनावरील प्रवाशाच्या मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो. परंतु याच साधनाचा आणखी एक इतिहास आहे व त्याची चर्चा मराठीत फारशी आढळत नाही. पट्टा लावला असूनही, आणि काही वेळा तो लावल्यामुळेच, प्रवाशांना गंभीर दुखापती झाल्या. अपघाताच्या क्षणी बकल सुटले. बालकांसाठी सक्तीने वापरावयाची आसने धडकेत टिकली नाहीत. अशा प्रत्येक प्रसंगी एकच प्रश्न उभा राहिला. दोष साधनाचा की वापरणाऱ्याचा? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत सुमारे साठ वर्षांत कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. अमेरिकेची निवड करण्याचे कारण एवढेच की, सदोष वाहने परत बोलावण्याची पद्धत व न्यायालयीन खटले यांमुळे तेथील दोषांची नोंद सर्वांसाठी खुली राहिली. दोष इतरत्रही होतेच.

पट्टा आणि पोट

आसनावर माणसाला बांधून ठेवण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्कच्या एडवर्ड क्लॅघॉर्न यांना १८८५ मध्ये अशा पट्ट्याचे अमेरिकन पेटंट मिळाले होते. मोटारीत मात्र पट्टा फार उशिरा आला. नॅश कंपनीने १९४९ मध्ये तो ग्राहकांना देऊ केला, तर फोर्डने १९५६ मध्ये सुरक्षा-साधनांच्या संचात त्याचा समावेश केला. दोन्ही ठिकाणी तो ऐच्छिक होता. पॅसाडीना येथील मेंदूविकारतज्ज्ञ हंटर शेल्डन यांनी १९५५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात लेख लिहून गुंडाळला जाणारा पट्टा व इतर सुधारणा सुचविल्या. तथापि अपघात म्हणजे चालकाची चूक, ही समजूत त्या काळात इतकी दृढ होती की, मोटारीच्या रचनेला कोणी जाब विचारीत नसे.

या समजुतीला पहिला छेद ज्याने दिला त्याची कथा या विषयाच्या मुळाशी आहे. ह्यू डी हेवन हा अमेरिकन तरुण पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना त्याच्या विमानाची हवेतच दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. तो वाचला, परंतु यकृत, स्वादुपिंड व पित्ताशय यांना गंभीर इजा झाली. रुग्णालयात पडल्या पडल्या विचार करता त्याच्या लक्षात आले की, या जखमांचे कारण टक्करीत जितके होते तितकेच त्याच्या स्वतःच्या सुरक्षापट्ट्याच्या अणकुचीदार बकलात होते. पुढे डी हेवन यांनी उंचावरून पडूनही वाचलेल्या व्यक्तींचा अभ्यास १९४२ मध्ये प्रसिद्ध केला आणि कॉर्नेल विद्यापीठात अपघातजन्य दुखापतींच्या संशोधनाचा पाया घातला. दुखापतींचे हे आधुनिक शास्त्र ज्या निरीक्षणातून उगवले ते सदोष पट्ट्याविषयीचे होते, ही बाब सुरक्षेच्या गौरवगाथांमध्ये सहसा सांगितली जात नाही.

डी हेवन व रॉजर ग्रिझवोल्ड यांनी १९५५ मध्ये त्रिबिंदू पट्ट्याचे पेटंट मिळविले. त्यातही बकल पोटावरच येत होते. ही उणीव दूर केली ती स्वीडनच्या निल्स बोलिन यांनी. साब कंपनीत विमानातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांवर काम केलेले हे अभियंते १९५८ मध्ये व्होल्वोत आले आणि १९५९ मध्ये त्यांचा पट्टा मोटारीत बसविला गेला. त्यांनी केलेले बदल वरवर लहान दिसतात. बकल पोटावरून काढून कमरेच्या बाजूला नेले, पट्ट्यांचा सांधा कमरेजवळ खाली ठेवला आणि एका हाताने लावता येईल अशी एकसंध पट्टी वापरली. धडकेचे बल मांस व आतडे यांच्याऐवजी छातीचा पिंजरा आणि कमरेचे हाड यांनी पेलावे, हा त्यामागचा विचार होता. व्होल्वोने हे पेटंट सर्वांना खुले केले. स्वीडनमधील सुमारे २८,००० अपघातांच्या आधारे बोलिन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या अभ्यासाने या रचनेची उपयुक्तता जगापुढे ठेवली.

म्हणजे बकल व पट्टा शरीराच्या कोणत्या भागावर यावा, हे १९५९ पासून ज्ञात होते. असे असूनही अमेरिकन मोटारींच्या मागील आसनांवर पुढली तीस वर्षे केवळ कमरेचा पट्टा दिला जात राहिला. त्याचे परिणाम वैद्यकीय वाङ्मयात आधीच नोंदले गेले होते. इंग्रज क्ष-किरणतज्ज्ञ जी. क्यू. चान्स यांनी १९४८ मध्ये मणका आडवा चिरल्यासारखा तुटण्याचा एक प्रकार वर्णिला होता; पुढे कमरेचा पट्टा लावलेल्या प्रवाशांत तोच वारंवार आढळू लागला. १९६२ मध्ये गॅरेट व ब्राउनस्टाइन यांनी आतड्यांच्या व मणक्याच्या अशा दुखापतींच्या समूहाला ‘सीटबेल्ट सिंड्रोम’ हे नाव दिले. त्यामागील यंत्रणा समजण्यास सोपी आहे. समोरून धडक बसताच शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते, पट्टा कमरेच्या हाडावरून सटकून मऊ पोटावर चढतो आणि धड त्याच्याभोवती चाकूसारखे मिटते. पोटातील इंद्रिये पट्टा व पाठीचा कणा यांच्यामध्ये चिरडली जातात. लहान मुलांत हा धोका अधिक असतो, कारण पट्टा अडकून राहावा असा कमरेच्या हाडाचा उंचवटा त्यांच्यात पुरता वाढलेला नसतो. शिवाय पाय आसनाच्या कडेवरून खाली सोडता यावेत म्हणून मुले पुढे सरकून बसतात. मुलाच्या पोटावर उमटलेला आडवा काळानिळा वळ पाहून आतल्या इजेचा संशय घेण्यास शल्यविशारद शिकले ते याच अनुभवांतून.

राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने १९८६ मध्ये समोरासमोरच्या २६ धडकांचा अभ्यास प्रसिद्ध करून केवळ कमरेच्या पट्ट्यामुळे गंभीर व प्राणघातक दुखापती होत असल्याचे दाखविले. त्यानंतर मोटारींच्या मागील दोन्ही कडेच्या आसनांवर खांद्याचा पट्टा डिसेंबर १९८९ पासून बंधनकारक झाला. मधले आसन तेव्हाही वगळले गेले. त्यासाठी काँग्रेसला २००२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला व त्याची पूर्ण अंमलबजावणी २००७ मध्ये झाली. ज्ञान आणि नियम यांच्यातील हे अंतर मोजायचे झाल्यास ते बोलिन यांच्यापासून जवळजवळ अर्धशतकाचे भरते.

या विलंबाच्या काळात नियमांनी एक विचित्र प्रयोगही घडवून आणला. प्रवासी पट्टा लावीत नाहीत, तर तो आपोआप लागावा, या हेतूने १९८४ च्या नियमानुसार स्वयंचलित संरक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. अनेक उत्पादकांनी हवेच्या पिशवीचा खर्च टाळून दार बंद होताच खांद्यावर सरकणारा यांत्रिक पट्टा बसविला. कमरेचा पट्टा मात्र हाताने लावावयाचा राहिला. खांदा आपोआप बांधला गेल्यावर कंबरही बांधावयाची आहे हे असंख्य प्रवासी विसरले आणि केवळ खांद्याच्या पट्ट्यात अडकलेले शरीर धडकेत खाली घसरू लागले. याला प्रवाशांचा निष्काळजीपणा म्हणता येईल. परंतु ज्या रचनेत विसरणे हेच स्वाभाविक ठरते तिच्या कर्त्यांना त्यातून मोकळे कसे करावयाचे?

न्यायालयांनी या प्रश्नाकडे नियामकांपेक्षा आधी लक्ष दिले, असे म्हणावे लागते. राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक १९६५ मध्ये आणि राष्ट्रीय वाहतूक व मोटारवाहन सुरक्षा कायदा १९६६ मध्ये आला. त्यापाठोपाठ १९६८ मध्ये जनरल मोटर्सविरुद्धच्या एका खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने टक्कर ही मोटारीच्या वापरातील अपेक्षित घटना मानली. धडकेत प्रवाशाची इजा वाढू नये अशी रचना करणे हे उत्पादकाचे कर्तव्य ठरविले. अपघात कोणामुळे झाला आणि इजा कशामुळे वाढली, हे दोन प्रश्न त्यामुळे कायद्याने वेगळे झाले. सदोष पट्ट्यांविषयीचे पुढील सर्व खटले या भेदावर उभे आहेत. त्यावर एक पळवाट शिल्लक होती : सरकारी मानक पाळले की उत्पादकाची जबाबदारी संपली, असा युक्तिवाद. १९९३ च्या एका माझ्दा मोटारीच्या मधल्या बाजूच्या आसनावर केवळ कमरेचा पट्टा लावून बसलेली महिला २००२ मधील अपघातात मरण पावली; त्याच मोटारीतील खांद्याचा पट्टा असलेले प्रवासी वाचले. तिच्या कुटुंबाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये निर्णय दिला की, मानकाने दोन्ही पट्ट्यांची मुभा ठेवली होती एवढ्यावरून नुकसानभरपाईचा दावा अडविता येणार नाही. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिलेल्या या निकालाने मानकाचे स्थान स्पष्ट केले. मानक हे किमान अपेक्षा सांगते.

बकल

पट्ट्याच्या मांडणीतील दोष निदान नजरेस पडतो. बकलाच्या आतील दोष प्रवाशाला कळण्याचा मार्गच नसतो. तो ‘खट्’ असा आवाज ऐकतो आणि विश्वास ठेवतो. धडकेच्या धक्क्याने बकल आपोआप सुटू शकते, असा आक्षेप नव्वदच्या दशकाच्या आरंभी घेतला गेला. सुरक्षा प्रशासनाने १९९२ मध्ये तो नाकारला. प्रयोगशाळेत बकलाच्या पाठीवर ठोका मारून ते उघडता येते, पण प्रत्यक्ष अपघातात तशी परिस्थिती उद्भवत नाही, अशी त्याची भूमिका होती. खटले मात्र चालूच राहिले.

टाकाटा या जपानी कंपनीच्या बकलांचे प्रकरण अशा रीतीने बाजूला सारता आले नाही. १९८६ ते १९९१ या काळातील मोटारींत बसविलेल्या या बकलांचे लाल बटण प्लॅस्टिकचे होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते कालांतराने ठिसूळ होई, त्याचे बारीक तुकडे आत पडत आणि बकल कधी बसत नसे, कधी बसल्यासारखे वाटूनही सुटे. मे १९९५ मध्ये ऐंशी लाखांहून अधिक वाहने परत बोलावली गेली. अकरा उत्पादक त्यात होते व बहुतेक जपानी होते. त्या वेळेपर्यंतच्या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या अशा कारवायांमध्ये तिची गणना झाली. दोषाची माहिती वेळेवर न कळविल्याबद्दल होंडा व टाकाटा यांनी प्रत्येकी ५०,००० डॉलर दंड भरला. लाखो वाहनांच्या तुलनेत ही रक्कम नाममात्र होती, हे सांगावयास नको.

या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग म्हणजे प्रारंभीचा बचाव. अमेरिकन लोक मोटारीत खातात-पितात, खाद्यपदार्थांचा चुरा व पेये बकलात जातात आणि म्हणून ती बिघडतात, असे स्पष्टीकरण पुढे करण्यात आले होते. दोष कारखान्यातून निघून ग्राहकाच्या मांडीवरील खाऊपर्यंत पोहोचला. बटणाचा रंग आणि द्रव्य कोणी निवडले, मोटार उन्हात उभी राहणार हे कोणाला ठाऊक नव्हते, हे प्रश्न चौकशीनंतरच विचारले गेले. याच कंपनीच्या हवेच्या पिशव्यांमधील दोषाने पुढे जगभर कोट्यवधी वाहने परत बोलवावी लागली आणि जून २०१७ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९५ चा दंड जरब बसविणारा असता, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता काय, याचे उत्तर देणे शक्य नाही. पण हा प्रश्न इतिहासकाराने टाळू नये.

बालकांची आसने

मोटारीतील बालआसनाचा जन्म सुरक्षेसाठी झालेला नाही. १९३० च्या दशकातील आसने मुलाला उंच बसवून खिडकीबाहेर पाहता यावे व त्याने चालकाला त्रास देऊ नये, यासाठी होती. संरक्षणाचा हेतू १९६२ च्या सुमारास आला. त्या वर्षी अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन आणि ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी आपापल्या रचना मांडल्या. स्वीडनचे बर्टिल अल्डमान यांनी अंतराळवीरांच्या आसनावरून स्फूर्ती घेऊन १९६४ च्या सुमारास मागे तोंड असलेले बालआसन तयार केले. बालकाचे डोके शरीराच्या मानाने जड व मान दुर्बळ असल्याने धडकेचे बल संपूर्ण पाठीवर पसरावे, हा त्यातील विचार आजही प्रमाण मानला जातो.

अमेरिकेचे पहिले बालआसन मानक १९७१ मध्ये लागू झाले. त्यात धडकेची चाचणीच नव्हती. आसन स्थिर ठेवून ठराविक बलाने ओढले आणि ते टिकले की उत्तीर्ण, असा प्रकार होता. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-मासिकाने १९७२ मध्ये बाजारातील आसनांवर प्रत्यक्ष धडकेच्या चाचण्या केल्या, तेव्हा मानकात बसणारी बहुतेक आसने अपुरी ठरली. ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, वेगाची गतिमान चाचणी मानकात येण्यास १९८१ उजाडले. मधल्या दहा वर्षांत पालकांनी ‘मानकानुसार’ असे छापलेली जी आसने विकत घेतली, ती त्यांनी पूर्ण विश्वासाने घेतली होती.

याच दशकात कायद्याने पालकांवर सक्ती आली. टेनेसी राज्यातील बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांच्या प्रयत्नांनी १९७७ मध्ये देशातील पहिला बालप्रवासी संरक्षण कायदा संमत झाला व १९७८ च्या आरंभी लागू झाला. त्यात मूल मोठ्या माणसाच्या हातात धरून नेण्याची सवलत घुसडण्यात आली होती. ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेत दहा किलोचे मूल क्षणभर आपल्या वजनाच्या सुमारे वीसपट बलाने पुढे फेकले जाते. कोणत्याही आईचे हात ते पेलू शकत नाहीत, उलट तिचाच भार मुलावर येतो. सँडर्स यांनी या सवलतीविरुद्ध मोहीम चालविली आणि १९८१ मध्ये ती रद्द झाली. १९८५ पर्यंत सर्व राज्यांनी असे कायदे केले. या कायद्यांचे महत्त्व वादातीत आहे. पण त्यांनी एक नवे नातेही निर्माण केले, त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. जी वस्तू विकत घेणे शासन नागरिकाला भाग पाडते, तिच्या निर्दोषतेची हमी घेण्याचे दायित्व शासनावर अधिक येते.

प्रत्यक्षात जे घडले ते असे. तान्ह्या मुलाचे आसन मोटारीतून उचलून पाळण्याप्रमाणे हातात नेता यावे, म्हणून त्याला मूठ बसविण्यात आली. ही सोय लोकप्रिय झाली आणि दोषही मुठीतच निघाले. चालता चालता मुठीचा खटका सुटून आसन उलटे होई व मूल खाली आपटे. इव्हनफ्लो कंपनीला २००१ मध्ये ‘जॉयराइड’ या नावाची सुमारे ३४ लाख आसने याच कारणासाठी दुरुस्तीस घ्यावी लागली. नोंदलेल्या इजांमध्ये कवटीच्या अस्थिभंगांचाही समावेश होता. मोटारीतील धडकेसाठी घेतलेल्या साधनाने मूल घराच्या पायरीवर जखमी व्हावे, हा प्रकार विलक्षणच.

उत्पादक व नियामक या दोघांचाही भर मात्र चुकीच्या वापरावर राहिला. सुरक्षा प्रशासनाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ७३ टक्के आसनांच्या वापरात गंभीर चूक आढळली : पट्टा सैल, आसन डगमगते, खाचा चुकलेल्या. या आकड्याचा अर्थ पालक बेफिकीर आहेत असा लावला गेला. वास्तविक चारांपैकी तिघांच्या हातून ज्या वस्तूचा वापर चुकतो, त्या वस्तूची रचनाच तपासली पाहिजे. त्या दिशेने एक पाऊल २००२ मध्ये पडले होते. मोटारीच्या सीटबेल्टऐवजी आसन थेट अडकविण्यासाठी प्रमाणित कड्या त्या वर्षापासून नव्या वाहनांत बंधनकारक झाल्या.

ग्राको कंपनीच्या प्रकरणात टाकाटाची आठवण व्हावी असे साम्य आहे. बालआसनांच्या पट्ट्यांची बकले उघडत नाहीत, अशा तक्रारींवरून २०१२ मध्ये चौकशी सुरू झाली. सुकलेले दूध, रस आणि खाऊचा चुरा आत जाऊन ती घट्ट होत होती. काही पालकांना पट्टे कापून मुलांना सोडवावे लागले. पाण्यात किंवा आगीत सापडलेल्या मोटारीत याचा अर्थ काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. फेब्रुवारी ते जुलै २०१४ या काळात साठ लाखांहून अधिक आसनांची बकले बदलून देण्याची घोषणा झाली. अमेरिकेतील बालआसनांबाबतची ती सर्वांत मोठी कारवाई ठरली. माहिती वेळेवर न दिल्याबद्दल मार्च २०१५ मध्ये कंपनीवर एक कोटी डॉलरचा दंड बसला, त्यापैकी सत्तर लाख बालसुरक्षेच्या उपक्रमांवर खर्च करावयाचे होते. १९९५ मध्ये चुरा हा ग्राहकाचा अपराध होता. २०१४ मध्ये, लहान मूल खाऊ सांडणारच हे बकल घडविणाऱ्याने धरून चालावे, अशी अपेक्षा मान्य झाली. वीस वर्षांतील खरा बदल या एका मुद्द्यावर मोजता येतो.

स्वतंत्र परीक्षकही चुकतात, याची नोंद येथे केली पाहिजे. १९७२ मध्ये ज्या मासिकाने मानकाचे पितळ उघडे पाडले, त्याच मासिकाने जानेवारी २००७ मध्ये तान्ह्या मुलांच्या बारापैकी केवळ दोन आसने चाचणीत टिकल्याचे जाहीर केले. बाजूच्या धडकेची चाचणी सांगितलेल्या वेगापेक्षा फार अधिक वेगाने झाल्याचे काही दिवसांतच सिद्ध झाले व तो अहवाल मागे घ्यावा लागला. मात्र त्या काळी बाजूच्या धडकेसाठी सरकारी चाचणीच अस्तित्वात नव्हती, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. काँग्रेसने २०१२ मध्ये दोन वर्षांची मुदत घालून दिली होती. अंतिम नियम प्रसिद्ध झाला तो जून २०२२ मध्ये.

भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न अलीकडेपर्यंत पट्टा लावण्या-न लावण्यापुरता मर्यादित राहिला. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाल्यावर मागील आसनावरील पट्ट्याची चर्चा महाराष्ट्रात घरोघर झाली, तीही प्रवाशाच्या सवयीविषयी होती. पट्टा न लावता त्याची सूचना देणारा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन बाजारात सर्रास विकल्या जात होत्या; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्या हटविण्याचे आदेश दिले, तेव्हा अशा तेरा हजारांहून अधिक नोंदी काढल्या गेल्या. साधनाच्या दोषाची बाजू कायद्यात आली ती मोटारवाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने. या अधिनियमाने चौदा वर्षांखालील बालकाला सुरक्षापट्टा वा बालआसनाशिवाय नेल्यास दंड ठेवला आणि त्याच वेळी कलम ११०-अ अन्वये सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. तत्पूर्वी २०१२ पासून उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता होती. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२२ मध्ये पुढच्या सीटबेल्टची उंची बदलणाऱ्या भागातील संभाव्य दोषासाठी ९,१२५ वाहने परत बोलावली. पट्ट्यातील दोष उत्पादकाने स्वतः जाहीर केल्याचे हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

कलम ११०-अ ची भाषा वाहनाची आहे. दुकानातून स्वतंत्रपणे घेतलेल्या बालआसनासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील उत्पादन-दायित्वाच्या तरतुदींकडे वळावे लागते. शिवाय या कलमाखाली मार्च २०२१ मध्ये अधिसूचित झालेले नियम सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांना लागू आहेत. टाकाटाची बकले उन्हाने ठिसूळ होऊन निकामी ठरली, तेव्हा त्यांतील सर्वांत जुन्या मोटारी नऊ वर्षांच्या होत्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात उभी राहणारी, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती गेलेली मोटार सहसा त्याहूनही जुनी असते.